उंदीर, भुऱ्या आणि बाबांचं इन्सुलिन

हे लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. विषयच असा आहे की अर्धे लोक म्हणणार झालं, आता ही पण उपदेश करायला लागली, आणि उरलेले म्हणणार एका उंदरावरून एवढं रामायण कशाला. तर रामायणच आहे, वेळ असेल तर वाचा.

आमच्या किचनमध्ये उंदीर झाला होता. आधी पिंजरा लावून बघितला, चार रात्री आतलं आमिष जसंच्या तसं आणि पाचव्या रात्री आमिष गायब नि पिंजरा रिकामा, म्हणजे साहेब हुशार निघाले. विष नको होतं कारण घरात कुत्रा आहे, शिवाय विष खाल्लेला उंदीर नेमका कपाटामागे जाऊन मरतो आणि मग आठवडाभर वास. म्हणून ग्लू पॅड आणलं. ते पुठ्ठ्याचं पुस्तकासारखं उघडतं आणि आत चिकट थर असतो ना, तेच. मला वाटलं हे बरं, स्वच्छ काम. "स्वच्छ" हाच शब्द तेव्हा डोक्यात आला होता, नीट आठवतंय, कारण नंतर त्याची फार लाज वाटली.

रात्री अडीचच्या सुमारास भुऱ्या (आमचा कुत्रा) किचनच्या दाराशी कुईंकुईं करायला लागला म्हणून उठले. लाईट लावला तर पॅडवर उंदीर. अंगाची एक बाजू पूर्ण चिकटलेली, एक गालही चिकटलेला, त्यामुळे मान वळवता येत नव्हती, फक्त वरचा एक डोळा माझ्याकडे आणि बरगड्या इतक्या जोरात वरखाली होत होत्या की मोजता आल्या नसत्या. आणि ओरडत होता. सतत नाही, मी जवळ गेले की. मागचा एक पाय सोडवायच्या नादात त्याने स्वतःच सोलून घेतला होता. पाकिटाच्या मागे सूचना होती की उंदीर अडकला की पॅड मिटायचं आणि उंदरासकट कचऱ्यात टाकायचं. म्हणजे जिवंत. मी ते पाकीट हातात घेऊन तशीच उभी राहिले, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मी तेच करणार होते.

आता यात अडचण अशी की त्याच्या दहाच दिवस आधी भुऱ्याचं नख मुळापासून फाटलं होतं आणि मी रात्री अकरा वाजता त्याला उचलून डॉक्टरकडे नेलं होतं. पूर्ण वेळ त्याचं तोंड धरून बसले होते, तो विव्हळला की माझ्या पोटात कालवत होतं, डॉक्टरांना चार वेळा विचारलं की भूल नीट लागलीये ना. एका नखासाठी! आणि इथे माझ्याच घरात, मीच लावलेल्या वस्तूवर, कातडी सोललेला एक प्राणी ओरडत होता आणि मी सूचना वाचत होते.

शेवटी तेलाने सोडवला. कापूस तेलात बुडवून कडेकडेने फिरवत राहायचं, हळूहळू चिकटपणा जातो. पाऊण तास लागला. मध्ये तो इतका गप्प झाला की मला वाटलं गेला. खोक्यात फडकं घालून ठेवला, झाकण किलकिलं ठेवून बाहेर कुंपणाशी ठेवून दिला, सकाळी खोकं रिकामं होतं. स्वतः गेला की मांजराने नेला, देव जाणे. मोठं पुण्यकर्म केल्याचा आव मला आणायचा नाहीये, कारण अडकवला मीच होता.

मग झोप लागेना म्हणून वाचत बसले आणि तेव्हापासून वाचतेच आहे.

हॅल हर्झॉग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसं आणि प्राणी यांच्या संबंधांवर अभ्यास करतात. त्यांनी १९८८ मध्ये एका युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगशाळेच्या इमारतीबद्दल लिहिलं होतं. तिथे हजारो उंदीर होते. प्रयोगासाठी वाढवलेले ते "चांगले" उंदीर, त्यांच्यावर काहीही करायचं असेल तर आधी कमिटीची मंजुरी, वेदना किती होणार, भूल देणार का, सगळं लेखी. आणि इमारतीत मोकाट फिरणारे ते "वाईट" उंदीर, त्यांना मारायला काय वापरत होते माहितीये? चिकट पॅड. तेच. म्हणजे एखाद्या संशोधकाने प्रयोग म्हणून उंदीर डिंकावर रात्रभर चिकटवून ठेवायची परवानगी मागितली असती तर ती मिळणं कठीणच होतं, पण तीच गोष्ट सफाईवाल्यांनी केली तर कोणाला विचारायचीही गरज नाही. आणि यातली खरी मेख पुढे आहे. हे वाईट उंदीर बाहेरून आलेले नव्हतेच, बहुतेक सगळे पिंजऱ्यातून निसटलेले "चांगले" उंदीर होते. पिंजऱ्यातून जमिनीवर उडी मारली की उंदराची जात बदलली. आणि तिसरा प्रकार म्हणजे सापांना खाऊ घालायचे उंदीर, ते वेगळेच.

हे वाचून मी हसले आणि मग हसू गेलं, कारण भुऱ्या आणि तो उंदीर यांच्यात मी वेगळं काय केलं होतं?

यावर कळस म्हणजे अमेरिकेचा प्राणी कल्याण कायदा. १९६६ चा. तो आला त्यामागे एक पाळीव कुत्री होती, पेपर नावाची, ती चोरीला गेली आणि शेवटी एका हॉस्पिटलच्या प्रयोगात मेली, त्यावरून देशभर गदारोळ झाला, लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला. म्हणजे कायदा झाला कुत्र्यासाठी. आणि या कायद्यात "प्राणी" शब्दाची व्याख्या आहे, तिच्यातून प्रयोगासाठी वाढवलेले उंदीर, त्यांच्यापेक्षा मोठे ते रॅट आणि पक्षी वगळलेले आहेत. २००२ मध्ये तर हे वगळणं थेट कायद्यातच लिहून टाकलं. तिथल्या प्रयोगशाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी बहुसंख्य उंदीरच असतात, आणि या कायद्यापुरता उंदीर हा प्राणी नाही. मग काय आहे, भाजी?

तर मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की आपण आधी ठरवतो या प्राण्याचं काय करायचंय, आणि मग त्यावरून ठरवतो त्याला किती दुखतं. क्रम उलटा असायला पाहिजे होता. पण नाहीये, आणि हे फक्त माझं फ्रस्ट्रेशन नाही, याच्यावर चक्क प्रयोग झालाय. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बोलावलं, निम्म्यांना सुकवलेलं गोमांस खायला दिलं, निम्म्यांना काजू. नंतर दुसराच काहीतरी विषय असल्यासारखं दाखवून विचारलं की कुठल्या कुठल्या प्राण्यांची पर्वा करायला हवी असं तुम्हाला वाटतं, आणि गायीचं काय? ज्यांनी मांस खाल्लं होतं त्यांनी कमी प्राण्यांची नावं घेतली आणि गायीलाही कमी लेखलं. खाणारे दोन्हीकडचे मांसाहारीच होते, फरक फक्त आत्ता तोंडात काय होतं एवढा! आपली नीतिमत्ता किती पातळ आहे बघा, तोंडातल्या घासाने बदलते.

आपली भाषाही काही कमी नाही. दयाळू वागणं म्हणजे माणुसकी, म्हणजे पेटंटच घेऊन टाकलंय. आणि क्रूर वागणं म्हणजे पाशवी. आता कुठल्या पशूने कुठल्या दुसऱ्या पशूला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवलंय मला सांगा. मांजर उंदराला खेळवून मारतं हे खरं, पण मांजर त्याचं पॅकिंग करून मागे सूचना छापत नाही. आणि "मुकी जनावरं" हा तर सगळ्यात लबाड शब्द. मुक्या प्राण्यांवर दया करा. अहो पण मुके कुठे आहेत ते?

उंदीर आणि रॅट यांचं बरंचसं बोलणं अल्ट्रासाउंडमध्ये चालतं, आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्यांचं त्याच्या बरंच वर. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने रॅटना गुदगुल्या केल्या (हो, पगार घेऊन) तर ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास किलबिल करतात, आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे येतात, परत करा म्हणून. २०१० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टीच बनवली, डोळे किती मिटलेत, गाल नि नाक किती फुगलंय, कान कुठे वळलेत, मिशा कशा आहेत. म्हणजे त्याचा चेहरा बोलत असतो, वाचायला आपण शिकलो नव्हतो. आणि २०११ चा शिकागोचा प्रयोग तर प्रसिद्ध आहे, एका रॅटला छोट्या नळकांड्यात अडकवलं आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं, तर मोकळा रॅट काही दिवसांत दार उघडायला शिकला आणि रोज मित्राला सोडवायला लागला. शेजारी दुसऱ्या नळकांड्यात चॉकलेटचे तुकडे ठेवले तरी दोन्ही दारं उघडायचा, आणि बरेचदा चॉकलेट वाटून खायचे. काही शास्त्रज्ञ म्हणाले ही सहानुभूती वगैरे नाही, त्याला सोबत हवी असते म्हणून सोडवतो. असेल बुवा. मला सोबत हवी असते म्हणून मीही माणसांशी चांगली वागते, त्याला कोणी खोटं म्हणत नाही.

"सिद्ध करा की त्याला दुखतं" हा जो पवित्रा आहे ना, तो आपण फक्त प्राण्यांच्या बाबतीत घेतला असं समजू नका. हे वाचून मी खरंच हादरले. अगदी १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतल्या चांगल्या हॉस्पिटलांमध्येसुद्धा नवजात बाळांची ऑपरेशन्स बरेचदा पुरेशी भूल न देता होत. स्नायू शिथिल करायचं औषध द्यायचे म्हणजे बाळ हलायचं नाही, आणि समज असा की एवढ्या लहान बाळाची मज्जासंस्था पूर्ण झालेली नसते, त्याला आपल्यासारखं दुखत नाही, आणि दुखलं तरी लक्षात राहत नाही. रडतं ते? ती नुसती रिअ‍ॅक्शन. मग ऑक्सफर्डमध्ये डॉ. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की भूल नीट दिली तर बाळाच्या शरीरातले स्ट्रेस हार्मोन खूप कमी वाढतात आणि ऑपरेशननंतर ती बाळं जास्त चांगली राहतात. हे १९८७ सालचं. माझ्या वयाचे कितीतरी लोक त्याआधी जन्मलेत! शिकलेले, हुशार, बाळांचा जीव वाचवायला धडपडणारे डॉक्टर होते ते, दुष्ट नव्हते कोणी. पण जो बोलून सांगू शकत नाही त्याला दुखत नाही असं धरून चालणं सोयीचं होतं. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्राणी म्हणजे यंत्रं म्हटलं, घड्याळासारखी, त्याचे अनुयायी तर ओरडणं म्हणजे यंत्राचा आवाज म्हणायचे, आणि आपण त्यांना हसतो. आपलीच बाळं चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत जवळपास त्याच रांगेत होती.

आता कोंबड्या. हा भाग लिहायचा नव्हता कारण मी अंडी खाते. अजूनही. लिहूनच टाकते म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

अंड्यांसाठी वाढवायची कोंबडीची जात वेगळी आणि मांसासाठीची वेगळी, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. अंड्यांच्या जातीत जे नर पिल्लू जन्मतं ते अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीसारखं झपाझप वाढतही नाही, म्हणजे धंद्याच्या हिशोबात त्याचा उपयोग शून्य. म्हणून जन्मल्या दिवशीच, लिंग ओळखलं की, त्याला मारतात. गॅसने किंवा सरळ फिरत्या पात्यांच्या मशीनमध्ये. जगभरात वर्षाला साधारण सातशे कोटी असा अंदाज आहे. जगातल्या माणसांपेक्षा थोडाच कमी आकडा, दर वर्षी. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून याच्यावर बंदी घातली, आता तिथे अंड्यातच नर की मादी ते तपासायची मशिन्स वापरतात, म्हणजे करता येत होतं. आणि मांसाच्या जातीचं काय, तर कॅनडातल्या अल्बर्टा युनिव्हर्सिटीने जपून ठेवलेली १९५७ ची जात आणि २००५ ची बाजारातली जात शेजारी शेजारी वाढवली, खाणं सारखंच. ५६ व्या दिवशी १९५७ वाली साधारण ९०५ ग्रॅम आणि २००५ वाली ४२०० ग्रॅम. साडेचार पटींहून जास्त. पाय काही त्या प्रमाणात वाढले नाहीत! हृदयही नाही! वजन पेलत नाही म्हणून बऱ्याच कोंबड्या शेवटी शेवटी नुसत्या बसून राहतात. या कोंबडीला आपण मारहाण केली नाही, उपाशी ठेवलं नाही, आपण तिचं शरीरच असं बनवलं की त्यात राहणं हाच त्रास. क्रूरतेच्या जुन्या कायद्यांमध्ये याला पकडायला शब्दच नाही. ते कायदे चाबूक मारणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत.

आणि पिंजऱ्याचं सांगायचं तर, युरोपमध्ये १९९९ च्या नियमात साध्या बॅटरी केजमध्ये (म्हणजे ओळीने रचलेले तारेचे पिंजरे) एका कोंबडीला निदान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यायची होती. ए-४ कागद ६२० च्या वर भरतो. एक कागद घ्या आणि त्यावर मनातल्या मनात कोंबडी ठेवा, मग थोडा कागद कापा. २०१२ पासून तिथे ते पिंजरे बंद झाले, त्याजागी थोडे मोठे, बसायला दांडी आणि घरट्याची जागा असलेले पिंजरे चालतात. तेवढीच प्रगती. जगात इतरत्र ते पिंजरे अजून आहेतच.

हे बोललं की घरात, मित्रांत लगेच दोन गोष्टी येतात. एक, "मग वनस्पतींनाही जीव असतो." असतो की. पण वेदना व्हायला जे लागतं, मज्जातंतू, मेंदू, ते त्यांच्यात सापडलेलं नाही, आणि समजा गव्हाच्या दाण्याचीही काळजी असेल तर जगात पिकणाऱ्या पिकांतल्या कॅलरींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आधी जनावरांच्या पोटात जातात, म्हणजे गव्हाची दया येणाऱ्याने तर पहिल्यांदा मांस सोडायला हवं. (हो, शेतातही उंदीर मरतात, नांगराखाली, औषधाने, त्यामुळे शाकाहारी माणसाचे हात अगदी स्वच्छ वगैरे काही नसतात, परत तो "स्वच्छ" शब्द आला.) दुसरी गोष्ट म्हणजे "जीवो जीवस्य जीवनम्, सिंह काय विचार करतो का हरणाचा?" नाही करत. पण सिंहाकडून आपण नीतिमत्ता शिकायची असेल तर सिंह दुसऱ्याचे बछडेही मारतो, ते पण घेऊ का? एकाच दमात आपण प्राण्यांपेक्षा श्रेष्ठ म्हणून त्यांना वापरायचं आणि आपणही प्राणीच म्हणून माफी मागायची, हे दोन्ही कसं चालेल.

पण एक जागा अशी आहे जिथे माझी बोलती बंद होते. बाबांचं इन्सुलिन.

बाबा डायबेटिक आहेत, रोज टोचून घेतात. १८८९ मध्ये जर्मनीत दोन डॉक्टरांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तिथून हा धागा सुरू होतो. १९२१ च्या उन्हाळ्यापासून टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कितीतरी कुत्र्यांवर हेच केलं, काहींचं स्वादुपिंड काढून मधुमेह आणायचा, काहींच्यापासून अर्क काढायचा आणि तो या मधुमेही कुत्र्यांना टोचायचा. त्यातली मार्जोरी नावाची कुत्री स्वादुपिंडाशिवाय साधारण सत्तर दिवस जगली अर्कावर. जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळालं, त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या डाएटवर ठेवून जेमतेम काही काळ जगवायची, बस. पुढे साठ वर्षं इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं, १९८२ मध्ये बॅक्टेरियातून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं.

मार्जोरीचा फोटो मी बघितला. बराच वेळ बघितला. मग बाबांकडे बघितलं, ते पेपर वाचत होते.

पीटर सिंगर हा तत्त्वज्ञ वाचला तर तो म्हणतो वेदना ती वेदना, कोणाचीही असो, सारख्याच वजनाने मोजा, आणि मग हिशोब करा. त्या हिशोबात मार्जोरीविरुद्ध कोट्यवधी माणसं, असं म्हणता येईल. टॉम रेगन हा दुसरा तत्त्वज्ञ म्हणतो हिशोब करायचाच नाही, जिला स्वतःचं आयुष्य आहे, जिला आपल्या आयुष्याचं बरंवाईट कळतं, ती दुसऱ्याच्या कामाची वस्तू नाही, विषय संपला. मला रेगन पटतो आणि बाबा हवेत. हे जुळत नाही आणि मी जुळवायचा प्रयत्न सोडला. कोणी जुळवून दाखवलं की मला त्यात कुठेतरी चलाखी दिसते. एवढं मात्र वाटतं की ज्याला खरंच दुसरा मार्ग नव्हता त्या १९२१ च्या कुत्रीच्या नावावर आपण नंतर भलतंच काय काय खपवलं. १९४४ मध्ये एक टेस्ट आली, सशाच्या डोळ्यात रसायन घालून डोळा किती सुजतो, किती लाल होतो ते बघायचं, आणि ती काही इन्सुलिनसाठी नव्हती, कॉस्मेटिक्ससाठी होती. युरोपने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या केलेला माल विकायला पूर्ण बंदी घातली ती २०१३ ला. सत्तर वर्षं लिपस्टिक आणि शांपूसाठी ससे. १९५९ मध्येच रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं होतं, जिथे प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल तिथे ते वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आणि औषधं माणसांना देण्याआधी प्राण्यांवर तपासलीच पाहिजेत ही अमेरिकेतली १९३८ पासूनची सक्ती काढून टाकायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. घाई कोणालाच नव्हती, कारण पिंजऱ्यातल्यांना मत नसतं.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ तर म्हणायचा प्राण्यांशी चांगलं वागा, पण त्यांच्यासाठी नाही, जो प्राण्यांशी निर्दय वागतो तो माणसांशीही निर्दय होत जातो म्हणून. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि आवडलंही होतं. आता त्या रात्रीचं आठवून बघते तर मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते स्वतःबद्दलच, की मी अशी कशी, सूचना वाचत उभी राहिले. उंदराबद्दल नंतर. म्हणजे मी कांटवालीच निघाले. पण कातडी माझी सोलली नव्हती ना. त्या पॅडवर माझं चारित्र्य चिकटलेलं नव्हतं, तो चिकटला होता.

म्हणूनच मला दया हा शब्द आता पुरत नाही. दया माझ्या मूडवर असते. त्या रात्री झोप मोडली नसती, भुऱ्याने आवाज केला नसता, मी जरा जास्त दमलेली असते तर दया आली नसती आणि पॅड कचऱ्यात गेलं असतं. हक्क म्हणजे काय, तर मी कितीही दमलेली असले तरी जे करता येणार नाही ते. न्यूझीलंडमध्ये २०१५ पासून खास परवानगीशिवाय ही चिकट पॅड्स विकता वा वापरता येत नाहीत, वेल्समध्ये २०२३ पासून बंद, इंग्लंडमध्ये जुलै २०२४ पासून सामान्य माणसाने लावली तर गुन्हा. तिथल्या लोकांना उंदरांचा पुळका आलाय असं काही नाही, मारतातच ते उंदीर, पण असं नाही मारायचं एवढी रेघ ओढलीये. ती रेघ माझ्यासारखीसाठी आहे, जिच्या हातात पाकीट आहे आणि घड्याळात अडीच वाजलेत.

भुऱ्या अजून रोज रात्री ओट्याखालच्या त्या जागेवर जाऊन हुंगतो. पाकिटात दोन पॅड्स होती, दुसरं ड्रॉवरमध्ये पडलं होतं, ते तसंच फेकलं तर कचऱ्यात पाल नाहीतर पक्षी चिकटायचा, म्हणून उघडून वर माती ओतली, चिकटपणा मेल्यावर टाकलं.

बाबांना हे सगळं सकाळी सांगितलं होतं, तेल, पाऊण तास, खोकं, सगळं. त्यांनी पोटाला इंजेक्शन टोचून घेतलं, शर्ट खाली केला, आणि म्हणाले, "सोडलास ते चांगलं केलंस. पण भोक बुजवलंस का?"

नव्हतं बुजवलं. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीर आत येतो म्हणे. सिंकखाली पाइपाच्या कडेला तेवढंच भोक होतं, तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावलं, अर्धा तास लागला.